जुवाखाली चांगो

सन अठराशे त्र्याऐंशी. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, आणि आमच्या शेजारचा चांगो पंचेचाळीस वर्षांचा असून बैलाच्या जागी स्वतःला जुंपून घ्यायचा.

थट्टा नाही सांगत. भर सकाळी, सगळं गाव राखुंडीने दात घाशीत असताना, एका अंगाला हौशा बैल, दुसऱ्या अंगाला चांगो, दोघांच्या मानेवर एकच जू आणि मागे रिकामी गाडी. देवळापर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. मग जू खाली टेकवून मान चोळत गाडीकडे असा बघायचा, जसा वैद्य रोग्याकडे बघतो. म्हणायचा, "डावा चाक जड जातो." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. कोणी विचारलंच, तर त्याचं एक ठरलेलं होतं: "डोला फसतो, कान फसतो. मान खोटा बोलत नाय."

मी दोन इयत्ता शिकलेला माणूस. तिसरीच्या वेळी मास्तरच गाव सोडून गेला, त्यात माझी चूक नाही. आमची बोली खाडीकाठची, ती बोलणाऱ्याच्या तोंडी आहे तशीच ठेवतो. शुद्ध पाहिजे असेल त्याने ठाण्याच्या शिकलेल्या लोकांकडे जावं.

आमचं गाव डोंबिवलीच्या अलीकडे, खाडीला लागून. डोंबिवलीला तेव्हा आगगाडी थांबत नव्हती, नुसता धूर टाकून जायची. गावापुढे मिठागरं. मीठ गोणीत भरायचं आणि बैलगाडीने कल्याणला, स्टेशनाजवळच्या वखारीत टाकायचं, हा रोजचा धंदा. गावात सात गाड्या होत्या. रस्ता म्हणजे खाडीचा बांध, एक गाडी जाईल एवढाच रुंद. एका बाजूला खाडी, एका बाजूला आगर. पुढची गाडी थांबली की मागच्या सहा थांबल्या. हे लक्षात ठेवा, कारण सगळं भांडण याच्यावरच होतं.

चांगोच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. बायको सखू चार वर्षांमागे तापाने गेलेली. मूलबाळ नाही. मग रिकाम्या हाताने करणार काय, म्हणून गाडीच्या मागे लागला, असं आम्ही म्हणायचो. आणि लागला म्हणजे कसा लागला! त्याला बसणं म्हणून माहीत नव्हतं. जेवतानाही एक हात भाकरीवर आणि एक चाकावर. आज आस बदल, उद्या तुंबा बदल. तुंबा म्हणजे चाकाचा मधला गड्डा, ज्यात आस, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, बसतो. आधी बाभळीचा होता, तो काढून खैराचा घातला. खैर जड म्हणून परत बाभळीचा. मग त्याच्या आत लोखंडी कडी बसवली. लाकडाचा आस मोडून लोखंडाचा आणला. दर वेळी आधी स्वतः जुवाखाली जाणार, देवळापर्यंत फेरी मारणार, आणि मग मान काय म्हणते ते सांगणार. आमचा सुतार तर त्याला लांबून येताना बघितला की घरात सांगायचा, "सांगा, मी परगावी गेलोय."

एकदा त्याने मोठी चाकं करून घेतली. मोठं चाक हलकं फिरतं, असं मानेने सांगितलं होतं. हलकी फिरली खरी. पण कल्याणला वखारीची कमान आली तेव्हा वरच्या दोन गोणी कमानीला अडकल्या. गाडी पुढे जाईना, मागे येईना. आतले हमाल आत, बाहेरचे बाहेर. वखारीचा मुकादम मधोमध उभा राहून शिव्या देतोय आणि चांगो गाडीखाली शिरून म्हणतोय, "पन फिरतात कशी बगा ना, मुकादम! लोन्यासारखी!" शेवटी सगळ्या गोणी उतरवून गाडी मोकळी केली. पुढच्या आठवड्यात लहान चाकं परत.

आणखी एकदा आगगाडीच्या डब्यांना वंगण घालणाऱ्या माणसाशी त्याने दोस्ती केली. आम्ही तिळाच्या तेलात चिंध्या बुडवून आसाला लावणारे लोक. याने एक गाडगं भरून ते पिवळं, चरबीचं वंगण आणलं. म्हणाला, "यावर मुंबईची मेल पलते, मग माझी गाडी का नाय?" गाडी पळाली. पण त्या वासावर तीन गावांची कुत्रीही पळाली. चांगो थांबला की कुत्री चाकं चाटायची, चालला की मागून भुंकत यायची. कल्याणपर्यंत वरात. जोमा म्हणून एक गाडीवाला होता आमच्यात, तोंडाचा फाटका. तो ओरडला, "चांगोदा, नवरी कुठाय रे?"

चांगोने वळूनही बघितलं नाही. जुवाला मात्र त्याने काथ्याची गादी शिवून घेतली होती, ती नीट करत बसला. हो, गादी! बैलाच्या मानेला! जोमा म्हणायचा, आता लोड आणि तक्क्या तेवढा राहिलाय.

आता खरी गोष्ट अशी, की खोट गाडीत नव्हतीच. खोट होती बैलात. हौशा बरा होता. पण त्याचा जोडीदार तांब्या म्हातारा झालेला. दात झिजलेले, खुब्याची हाडं वर आलेली. आम्ही सगळे त्याला सांगून दमलो, "अरे, गाडीला सोन्याची कर, पन ओढनार बैल ना? बैल बदल!" ओढणारा जुना ठेवायचा आणि बाकी सगळं नवं करायचं, ही कुठली अक्कल?

तांब्याची खोड अशी, की बांधावर उघाडीपाशी तो थांबायचा. उघाडी म्हणजे बांधातली फळी, ती उचलून खाडीचं पाणी आगरात घेतात. तिथे एक करंजाचं झाड आहे आणि बांधाला थोडा चढ आहे. तिथे आला की तांब्या पाय रोवून उभा. मारलं तरी नाही, शेपटी पिळली तरी नाही. चांगो खाली उडी मारायचा, तुंब्याला हात लावून बघायचा, गाडीखाली वाकायचा, मग पुढे जाऊन जुवाशी खुडबूड करायचा. मागून आम्ही सहा जण ओरडतोय, "काय झाला रे?" आणि पुढून रोज तेच उत्तर: "आस तापलाय!"

रोज. थंडीत, धुक्यातही आस तापलाय. चिलीम भरून ओढून व्हावी एवढा वेळ गेला की गाडी आपोआप चालू. चढाने बैलाला धाप लागते, ती जिरली की निघतो, हे माझं निदान. बैलातलं मला कळतं, असं तेव्हा पंचक्रोशीत बोललं जायचं आणि मी ते कधी नाकारलं नाही. माझी स्वतःची खिल्लारी जोडी दाराशी होती. घरापासून कल्याणपर्यंत ती जोडी कधी कुठे थांबली नाही, आणि हे मी भेटेल त्याला सांगायचो.

"मग तू मागे चाल ना," असंही चांगोला सांगून बघितलं. पण तो पहाटेच जुंपून बांधाच्या तोंडाशी हजर. त्याला झोपच नव्हती.

त्या पौषात मुकादमाने शेवटचं सांगितलं. दोनदा आमच्यामुळे आगगाडीचा मिठाचा डबा अर्धा रिकामा गेलेला. त्याने सगळ्यांसमोर तांब्याकडे बोट दाखवलं. "म्हशाची जत्रा झाल्यावर हा बैल माझ्या दारात दिसला, तर चांगोची गाडी बंद. आणि तुम्ही बाकीचे वेळेवर आला नाहीत तर तुमचीही. मला गाड्या कमी नाहीत."

चांगो बैलाचा कान खाजवत उभा होता. एवढंच म्हणाला, "बरा."

म्हशाची जत्रा म्हणजे आमच्या मुलखातला बैलांचा मोठा बाजार, मुरबाडच्या पुढे. चांगो तिथे दर वर्षी बैल घ्यायला जायचा आणि दर वर्षी काहीतरी दुसरंच घेऊन यायचा. एका वर्षी घुंगरमाळ. एका वर्षी नवा कासरा. मागच्या वर्षी एक कोंबडा, आणि तो का घेतला हे त्यालाही सांगता आलं नाही. म्हणून या खेपेला गावाने मला बरोबर धाडलं. मी म्हटलं, बैल घेतल्याशिवाय याला परत आणतो कसा ते बघा.

जत्रेत काय काय झालं, ते लिहिलं तर कागद पुरायचे नाहीत. आमचा माणूस दात बघेना, शिंगं बघेना, खूर बघेना. सरळ विक्रेत्याला म्हणायचा, "जू हाय का?" आणि त्याच्या बैलाशेजारी स्वतः मान घालायचा. दोन जणांनी हाकलला. तिसरा घाटावरचा फेटेवाला होता, मजेदार माणूस, त्याने जू दिलं. त्याचा बैल उंच, पांढरा, शिंगं कपाळावर बाशिंग बांधल्यासारखी, नावही बाशिंग्या. चांगो आणि बाशिंग्या जोडीने बाजारातून निघाले. माणसं गोळा झाली. एका टग्याने फेटेवाल्याला विचारलं, "पाटील, या डावीकडच्याचं काय सांगताय?"

"त्यो इकायचा न्हाई," फेटेवाला म्हणाला. "चारा लई खातो."

चांगो मात्र हसला नाही. फेरी मारून आला, मान बाहेर काढली, घाम पुसला.

मी विचारलं, "मान काय म्हनते?"

"मान म्हनते, चांगला हाय. ओढतो. थांबत नाय."

"मग तोंड का पाडलास? तेच तर पायजे ना आपल्याला?"

"मान म्हनते," तो म्हणाला. "मी कुठं काय बोललो?"

मला हे बोलणं आवडलं नाही. मी त्याच्या वतीने सौदा पुरा केला. फेटेवाल्याने दावं हातात दिलं, ते मीच धरलं. येताना सगळ्या वाटेने चांगो एकदाही गप्प बसला नाही. या बैलाला जू उंच करावं लागेल, मग धुरा लांब, मग आस मागे सरकवावा लागेल, मग चाकं... मी म्हटलं, "चांगोदा, आता पुरे. बैल आला. आता गाडीला काय करायचा नाय."

तो म्हणाला, "काय करायचा नाय?" आणि कल्याणपर्यंत बैलाच्या मागून चालत राहिला.

दुसऱ्या दिवशी तांब्याला गोठ्यात ठेवून बाशिंग्याला जुंपला. माझी गाडी मी त्या दिवशी काढली नाही. नवा बैल आहे, चांगोच्या हाताला सवय नाही, असं सांगून कासरा मी घेतला आणि त्याला शेजारी बसवला. खरं सांगायचं तर, माझी निवड कशी पळते ते मला सगळ्यांच्या पुढे बसून बघायचं होतं.

आणि पळाला हो बाशिंग्या! बांधावर पाय ठेवला तो अशा चालीने, की हौशाला त्याच्याबरोबर ओढल्यासारखं जावं लागलं. करंज दिसला. उघाडी आली. चांगो एकदम सरळ होऊन बसला. त्याने कमरेची पुरचुंडी सोडली. हौशाने पाय आखडता घेतला, तो थांबायच्या बेतात, पण बाशिंग्याला काय ठाऊक? मी हौशाची शेपटी पिळली, आणि गाडी चढ चढून, उघाडी ओलांडून, सरळ पलीकडे.

मागून एकच आरोळी उठली. "गेली! गेली!" जोमा उभा राहून पागोटं फिरवत होता. "चांगोदा, सुटलास रे बाबा! आस नाय तापला आज!"

मी शेजारी बघितलं. मला वाटलं, आता तरी हसेल. चांगो मान वळवून मागे बघत होता. करंज वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला. त्याच्या हातात अर्धी भाकरी होती. खात नव्हता, नुसती धरलेली.

"भूक लागली काय एवढ्यात?" मी विचारलं.

"नाय," म्हणाला, आणि भाकरी परत फडक्यात बांधली.

कल्याणला पोचलो तर वखारीचं दार उघडायचं होतं, एवढे लवकर. मुकादम दातण चघळत बाहेर आला, बाशिंग्याच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाला, "याला म्हणतात बैल." मला म्हणाला, चांगोला नाही. मी ते घेतलंही.

संध्याकाळी घरी आईला सगळं रंगवून सांगत होतो. आई भाकऱ्या थापत होती. चढ, धाप, तांब्याची खोड, माझं निदान. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रिकामी गाडी असली म्हनजे तांब्या थांबायचा काय रं तिथं?"

मी आठवलं. "थांबायचा."

"रिकाम्या गाडीला धाप लागते?"

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"बैलाचे दात मोजतोस नं मानसाचा तोंड बगत नाय. तू तवा खाडीत मचव्यावर होतास, तुना नाय ठावं. त्या उघाडीवर सखू उभी र्‍हायची. आगरात कामाला जायची ना ती, आगरातून वर यायची नं त्याच्या हातात भाकरी द्यायची. आधी तांब्याला तुकडा, मंग नवऱ्याला. नं रोज त्याच्या नावानं शंख: चाका कुरकुरतात, वंगन घाल, जू घासतो बैलाला, कवा लक्ष देशील? सगल्या आगराला ऐकू जायचा. तवा त्यानं गाडीला कवा हात लावला नाय. आता लावतो."

तवा चुलीवर तापलेला होता. आईने भाकरी उलटली.

"जुवाशी खुडबूड करतो म्हनून हसता ना तुमी? तो तिथं तांब्याला तुकडा घालतो. चार वर्सां. ती घालायची तसा."

मी म्हटलं, "मग सांगायचा होता ना त्यानं!"

"कुनाला? तुना?"

मी चुकलो असं मी कधी कोणाला म्हटलेलं नाही, आणि आज म्हातारपणी हे लिहितानाही तो शब्द माझ्या हाताने उमटायचा नाही. बैल चांगला होता. निदान तेवढं माझं बरोबर होतं. तांब्या तर खरंच थकलेला होता. त्याला परत जुंपायला कोणी सांगितलं नसतं, चांगोनेही नाही. शेजारी त्याच्या गोठ्यातून गाडी हलवल्याचा आवाज येत होता, काहीतरी ठोकत होता तो. मी जाऊन बघितलं नाही. गेलो असतो तर काय बोललो असतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चांगोच्या आधी उठलो. आजवर कोणाला जमलं नव्हतं ते. माझी खिल्लारी जुंपली. आईने न विचारता रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त बांधून दिली. बांधाच्या तोंडाशी चांगो नेमका येत होता. त्याच्या पुढे माझी गाडी घातली. मागून जोमा आणि बाकीचे. धुकं होतं, खाडी दिसत नव्हती, नुसता वास येत होता.

करंज आला. मी कासरा ओढला. माझी जोडी थांबेना. तिला थांबणं शिकवलंच नव्हतं मी. दुसऱ्यांदा जोराने ओढला, तेव्हा उघाडीच्या पलीकडे दोन हातांवर फुरफुरत उभी राहिली. मागे बाशिंग्याला वाटच नाही. तो बरोबर करंजाखाली थांबला. त्याच्या मागे सगळी रांग.

मी खाली उतरलो. पुरचुंडी सोडून मागे गेलो, भाकरी मोडली आणि अर्धी बाशिंग्याच्या तोंडाशी धरली. त्याने हुंगली, तोंड फिरवलं, परत हुंगली, मग जिभेने ओढून घेतली. हौशाने आपणहून मान पुढे केली, त्यालाही तुकडा दिला. चांगो वर बसून बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

धुक्यातून जोमाचा आवाज आला, "ए! आता काय झाला रे?"

मी ओरडलो, "आस तापलाय!"

"कुनाचा?"

"माझा!"

मागे सगळे हसले. हसू देत. चांगो सावकाश खाली उतरला, माझ्या गाडीपाशी गेला, आणि चाकाच्या तुंब्यावर हात ठेवला. तुंब्यावर दहिवर साचलेलं होतं, त्याचा तळवा ओला झाला.

"हां," तो म्हणाला. "तापलाय."